‘अस्सलते’चे गृहीतक आणि इनुइट कला

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इनुइट कलेविषयी बोलताना समीक्षा सहसा दोहोंपैकी एक भूमिका घेते. ही कला म्हणजे हजारो वर्षांच्या अखंड परंपरेचा निर्मळ उद्गार होय, ही पहिली. संग्रहालयांतून मांडली जाणारी ही कला मुळी इनुइटांची नव्हेच, तर गोऱ्या ग्राहकासाठी गोऱ्या मध्यस्थाने घडवून घेतलेला तो माल आहे, ही दुसरी. या भूमिका परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोहोंचे गृहीतक एकच आहे. परंपरा ही बाह्य संपर्कापूर्वीच पूर्णत्वास गेलेली, त्यानंतर केवळ टिकणारी वा नष्ट होणारी वस्तू आहे, हे ते गृहीतक. त्याची तपासणी झाल्याखेरीज या कलेची चिकित्सा संभवत नाही.

दुसऱ्या भूमिकेजवळ पुरावा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जेम्स ह्यूस्टन हा चित्रकार १९४८ साली हडसन उपसागराकाठच्या इनुकजुआकला पोहोचला. त्याने आणलेल्या कोरीव वस्तू १९४९ मध्ये माँट्रियलला तीन दिवसांत विकल्या गेल्या. काय कोरावे हे सुचविणारी त्याची सचित्र पुस्तिका १९५१ साली निघाली. तीत इनुइटांशी काहीएक संबंध नसलेल्या टोटेम स्तंभाचेही चित्र होते. १९५८ पासून कॅनडा सरकार अस्सलपणाची हमी देणारी इग्लूच्या चित्राची चिठ्ठी वस्तूंना बांधू लागले. ही हमी देण्याचा अधिकार इनुइट आर्ट फाउंडेशनकडे येण्यास २०१७ साल उजाडावे लागले. केप डॉर्सेट, म्हणजे आजचे किंगाइट, येथील मुद्राचित्रणावर तर जपानचा ठसा उघड आहे. ह्यूस्टनने तेथे उनिची हिरात्सुका यांच्याकडे काष्ठमुद्रण शिकून घेतले होते. या नव्या कोरीवकामाची मुळे पाश्चात्त्य आहेत, असे एडमंड कार्पेंटर या मानववंशशास्त्रज्ञाने म्हटले ते निराधार नव्हते.

निराधार आहे तो त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष. मूल पाठीवर वाहण्यासाठी झोळी असलेला ‘अमाउती’ हा इनुइट स्त्रियांचा अंगरखा घ्या. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे जे अमाउती संग्रहालये अभिमानाने मिरवितात, त्यांवरील मणी व्यापारातून आलेले आहेत. त्यांना कोणी उपरे म्हणत नाही. परके मणी शंभर वर्षांनी परंपरा ठरतात आणि परके मुद्रणतंत्र मात्र भ्रष्टता ठरते, याला तर्क म्हणता येणार नाही. व्हॅन गॉगने जपानी मुद्राचित्रे गिरविली म्हणून त्याचे युरोपीयत्व कोणी हिरावून घेतले नाही. उसनवारी युरोपीय कलावंताची असली की तिला प्रतिभा म्हणायचे आणि इनुइटाची असली की ऱ्हास, हा सौंदर्यशास्त्रीय निकष नसून सत्तेचा निकष आहे.

ॲनी पुटुगुक (१९६९–२०१६) हिच्या रेखाटनांनी हे गृहीतक उघडे पाडले. तिच्या चित्रांत दूरचित्रवाणीसमोर बसलेली कुटुंबे आहेत, दुकानातील शीतपेट्या आहेत, घरात होणारी मारहाणही आहे. २००६ साली तिला सोबी पुरस्कार मिळाला. तिची आजी पित्सिओलाक आशूना हिने छावण्यांतील जीवन रेखाटले, कारण ती ते जगली होती. नातीनेही जगलेलेच रेखाटले. परंपरा शोधायची तर ती या कृतीत शोधावी, विषयांच्या यादीत नव्हे.

हा वाद केवळ समीक्षेचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. युरोपीय संघाने २००९ साली सील प्राण्यापासून बनलेल्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. इनुइटांना त्यातून सूट मिळाली ती ‘परंपरेने’ चालत आलेल्या आणि निर्वाहाला हातभार लावणाऱ्या शिकारीपुरती. म्हणजे इनुइटाने कातडे विकावे, पण बाजारातला माणूस म्हणून नव्हे, तर भूतकाळातला माणूस म्हणून. ‘इनुइट तापिरीत कनातामी’ ही त्यांची संघटना या बंदीविरुद्ध न्यायालयात गेली. तिचे अपील २०१३ मध्ये फेटाळले गेले. समीक्षेने घडविलेली संज्ञा कायद्याच्या कलमात शिरली की ती कोणाची मिळकत ठरविते, हे येथे दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो: परंपरा इतकी प्रवाही असेल, तर तिच्यावर मालकी तरी कशी सांगता येईल? २०१५ साली लंडनच्या केटीझेड या वस्त्रसंस्थेने इग्लूलिकच्या एका शामानाच्या पार्क्याची नक्कल बाजारात आणली तेव्हा त्याच्या वंशजांनी हरकत घेतली. संस्थेला माफी मागून ते वस्त्र मागे घ्यावे लागले. ही हरकत नक्षी अशुद्ध झाल्याची नव्हती, कोणी विचारले नाही याची होती. २००१ साली रँकिन इनलेट येथे ‘पौक्तुतीत’ या स्त्रीसंघटनेने अमाउतीच्या संरक्षणाचा विचार केला, तोही याच अंगाने: तो अंगरखा कोणा एकीचा नाही, सर्व इनुइट स्त्रियांचा आहे. मालकीचा आधार अपरिवर्तनीयता नव्हे, तर संमती आहे. काय बदलावे, काय विकावे आणि काय घरातच ठेवावे हे ठरविणारा समाज जिवंत आहे, एवढेच त्या दाव्याला पुरेसे आहे.

म्हणून ‘हे अस्सल आहे काय?’ हा प्रश्न समीक्षेने टाकून द्यावा. तो ग्राहकाचा प्रश्न आहे. ‘हे कोणी ठरविले?’ हा समीक्षेचा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर देताना समीक्षेला स्वतःकडेही पाहावे लागेल.