बागेची शोभा आणि बागेची सावली

शहरसुधारणेचा विषय निघाला, की आमच्याकडील कारभाऱ्यांस प्रथम आठवते ती कमान, मग कारंजे, आणि सर्वांच्या शेवटी झाड. बीडसारख्या शहरात तरी हा क्रम उलटा व्हावयास पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"प्यावयास पाणी पुरत नाही, तेथे बागेची चैन कशाला?" हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु बाग म्हणजे श्रीमंतांची शोभा, ही जुनी समजूत त्याच्या मुळाशी आहे. ज्याच्या घरास अंगण आहे, त्याचे सार्वजनिक बागेवाचून काही अडत नाही. दोन खोल्यांत संसार करणारी गृहिणी, रस्त्यावर खेळणारे मूल, ऊसतोडीहून परतलेले मजूर कुटुंब, यांस मात्र तीच बाग अंगण होय. केंद्र सरकारने २०१५ साली ५०० शहरांसाठी 'अमृत' योजना काढली, तीत बीडचाही समावेश होता. मुख्यतः पाणी व सांडपाणी यांसाठी काढलेल्या त्या योजनेतही उद्यानांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती. तेव्हा पाणी आणि बाग यांत वैर मानण्याचे कारण नाही.

प्रश्न उरतो तो बाग कसली, हा. वर्षाकाठी सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही वारंवार दगा देणारा. अशा प्रदेशात हिरवळीचे गालिचे पसरणे हा निव्वळ अविचार होय. दुष्काळ पडताच आधी कारंजे थांबते, मग हिरवळ करपते, आणि मागे उरतात तापलेल्या फरश्या. कडुनिंब, वड व चिंच यांस पहिली दोन-तीन वर्षे जपले, तर पुढे ती पिढ्यान्‌पिढ्या सावली देतात. आणि त्या पाण्याची सोय शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरही होऊ शकते.

बीडनजीकची खजाना विहीर पाहावी. निजामशाहीत, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचे पाणी मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर, भुयारी पाटाने शेतांस जात आले. तिच्या बांधणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला, म्हणून ती शतकानुशतके उपयोगी पडली. आमच्या उद्यानांस तोच न्याय का लागू नये?

नगरपालिकेस आमचे सांगणे एवढेच, की कमानीची रक्कम माळ्याच्या पगारास व रोपांच्या पाण्यास लावावी. आणि नागरिकांनीही कोनशिलेवरील नावे वाचून समाधान मानू नये; तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडे जगली, याचा हिशेब मागावा.