मुंबई ते कराची, व्हाया रोहिणखेड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून शिव्या देऊ नका. पूर्ण वाचून द्या.

मागच्या आठवड्यात आपल्या गावाकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोरानं नकाशा टाकला. मुंबईपासून कराचीपर्यंत निळी रेघ, तुकडे जोडून केलेली. खाली लिहिलं होतं, "कधीतरी बुलेटवर. मुंबईचा समुद्र पाहून निघायचं, कराचीचा पाहून परत. कोण येतं?" बस, एवढंच. पोरगं एकवीस वर्षांचं. घरी दीड एकर कोरडवाहू. बुलेट नाहीच, मामाची जुनी स्प्लेंडर आहे, तीही मामाच्या मर्जीवर.

त्यानंतर तासाभरात जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं, काहींनी केलंही. "कायले आमच्यात राहून राहिला, जाय ना पाकिस्तानात!" असं एकानं टाकलं. अरे बाबा, तो तेच तर म्हणत होता, परत यायच्या बोलीवर! एकानं त्याच्या आडनावावरून शोध लावायचा प्रयत्न केला, तो फसला. मग एक बहाद्दर म्हणाला, स्क्रीनशॉट ठाण्यात देतो.

रात्री साडेनवाला पोराचा बाप माझ्या दारात. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "भाऊ, पोरगं पोलीस भरतीचं करून राहिलं. पहाटे चारला उठून पयते. काही कागद झाला तं त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र गेलं." ज्याला तुम्ही देशद्रोही म्हणालात त्याचं स्वप्न खाकी घालायचं आहे, हे त्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांना माहीत होतं. तरी एकही जण बोलला नाही. मीही त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज लिहितोय.

आधी त्याचा बेत तरी पाहा. मुंबई आणि कराची यांत सरळ रेषेत नऊशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही. आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी ७०१ किलोमीटरचा. त्यात दोनशे मिळवले की झालं. पण रस्त्यानं जायचं तर आधी पार अमृतसरपर्यंत वर चढायचं, अटारीचं फाटक ओलांडून लाहोर गाठायचं आणि तिथून बाराशे किलोमीटर पुन्हा समुद्राकडे उतरायचं. सगळे मिळून जवळजवळ तीन हजार. राजस्थानातल्या मुनाबावकडून अंतर निम्म्यावर येतं, पण तिथून रेल्वे जायची, मोटारी नाही. ती रेल्वेही १९६५ च्या युद्धात बंद पडली, २००६ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये परत थांबली. अटारी तर पहलगामनंतर, एप्रिल २०२५ पासून सामान्य प्रवाशाला बंद. व्हिसा मिळायचा तेव्हाही तो शहरांचा मिळायचा. कागदावर नाव असेल त्याच गावात जा, पोलिसांत हजेरी लावा.

म्हणजे हा बेत आज होणार नाही. पोरालाही ते माहीत होतं. त्यानं "कधीतरी" लिहिलं होतं. माझं भांडण त्या "कधीतरी"साठी आहे.

आता जरा मागे चला. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ ला वेगळा झाला. तोवर कराची मुंबई इलाख्यात होती. आणि आपण? आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९३० साली मुंबईच्या गव्हर्नरच्या हुकमतीत कराची होती, रोहिणखेड नव्हतं! कराचीत एक जुनी सरकारी शाळा आहे, १८५५ सालची. तिचं नाव नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. आपल्या मराठी माणसाचं नाव, त्यांनी पुसलेलं नाही. तिथे राहिलेली थोडी मराठी कुटुंबं आजही गणपती बसवतात.

मलकापूरला माझ्या ओळखीचे एक सिंधी काका आहेत, कापडवाले. फाळणीनंतर लहानपणी आईबरोबर कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले. मी एकदा विचारलं, काका, बघावंसं वाटतं का? ते मापाची पट्टी ठेवून म्हणाले, "घर नाय बघायचा. तो बंदर बघायचाय, जिथून आमी निघालो." त्यांना पण ग्रुपमधून काढणार का?

आता तुमचा खरा मुद्दा, आणि तो खोटा नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण आले ते कराचीहूनच, समुद्रानंच. पहलगामला २६ माणसं मेली, त्यात ६ आपल्या महाराष्ट्राची. हे विसरून भाईचाऱ्याची गाणी गाणारा मी नाही. त्या देशानं अतिरेकी पोसले, हे मी इथेच अनेकदा लिहिलंय. सरकारनं फाटक लावलं त्यालाही कारण आहे. पण ते दहा जण व्हिसा काढून आले होते का? त्यांनी समुद्रात "कुबेर" नावाची मच्छीमार बोट पळवली आणि तिच्यावरची आपलीच गरीब माणसं आधी मारली. बंद फाटकानं अडतो तो काका, अडते ती तिकडे दिलेली मुलगी, अडतो तो मच्छीमार. बंदूकवाला फाटकावर रांग लावत नाही.

मच्छीमारांचं तर आपल्याकडे कुणी नावच घेत नाही, कारण आपल्याला समुद्र नाही. पालघर, डहाणूकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर रेघ दिसत नाही. चुकून पलीकडे गेले की कराचीच्या तुरुंगात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातला एक खलाशी पाकिस्तानी गोळीबारात बोटीवरच मेला. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. जुलै २०२५ च्या यादीत त्यांच्याकडे १९३ भारतीय मच्छीमार होते, आपल्याकडे त्यांचे ८१. यातला प्रत्येक जण मुंबई-कराचीच्या मधल्या त्याच पाण्यात मासे धरत होता. मुंबई ते कराची प्रवास बंद आहे असं कोण म्हणतं? पालघरच्या खलाशासाठी चालू आहे, एकतर्फी.

आणि क्रिकेट? सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत आशिया कपला आपण पाकिस्तानबरोबर तीनदा खेळलो. हस्तांदोलन केलं नाही म्हणून टाळ्या वाजवल्या, पण जाहिराती सगळ्या पाहिल्या. मोताळ्याच्या चौकात त्या रात्री फटाके फोडणारे आणि परवा पोराला शिव्या देणारे यांत दोन-तीन नंबर सारखेच आहेत, मी तपासलंय. पैसा असेल तर खेळायचं, पोरानं नकाशा काढला तर ठाणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुरुनानक जयंतीला शीख जत्था त्याच अटारीतून गेला आणि आला. मग आपलं सरकार फितूर झालं का?

रोहिणखेडवाल्यांनी तर सरहद्दीचं फार सांगूच नये. १४३७ मध्ये आपल्याच घाटात खानदेशचा नासीरखान फारुकी आणि बहामनी फौज भिडली होती. त्याचं राज्य बऱ्हाणपूरचं, आपला मुलूख बहामनीचा. नासीरखान हरला, फौज त्याच्या मागे बऱ्हाणपुरापर्यंत गेली. दीडेकशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीपायी इथेच पुन्हा कापाकापी. १५८२ ची मशीद अजून उभी आहे, पोरं तिच्यासमोर सेल्फी काढतात. म्हणजे आपलं गावच एकेकाळची अटारी होतं. आज बऱ्हाणपूरला मुलगी देतो, केळी नेतो, दवाखान्यात जातो. कोण अडवतं?

मी कुणाला फाटक उघडा म्हणत नाही, तो माझा हुद्दा नाही. तीनच गोष्टी मागतो. आपल्या खासदारांनी संसदेत त्या १९३ जणांबद्दल एक प्रश्न विचारावा, समुद्र नसला तरी. ज्यानं स्क्रीनशॉट काढलाय त्यानं तो डिलीट करावा आणि बापाला फोन करून तसं सांगावं. आणि ॲडमिननं पोराला परत ग्रुपमध्ये घ्यावं, कारण त्या ग्रुपवर भरतीच्या जाहिराती येतात.

पोराला मी सांगितलंय, नकाशा काढू नको म्हणून नाही, जपून ठेव म्हणून. येत्या रविवारी आम्ही दोघं मामाच्या स्प्लेंडरवर बऱ्हाणपूरला चाललोय, मावा जिलबी खायला. पेट्रोल माझं. नासीरखानाच्या राज्यात जातोय, कुणाला तक्रार द्यायची असेल तर सकाळी सातला बसस्टँडवर या, स्क्रीनशॉटऐवजी फोटोच काढू.