नगरनियोजन आणि नागरिक
१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत नगरनियोजनाला अग्रस्थान दिले खरे. परंतु ते अधिकार नगरपालिकांच्या स्वाधीन करणे ज्या राज्य सरकारांच्या मर्जीवर राहिले, त्यांनी हात आखडताच घेतला, हे खेदाने नमूद करावे लागते. नागरिकांच्या सहभागापुरते बोलायचे तर, पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवण्याची जी स्तुत्य प्रथा पाडली, तिच्यानुसार क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या गल्लीतील पदपथ वा दिवाबत्तीचे काम सुचवता येते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रेत मात्र १९८९ पासून वस्त्यांच्या सभाच गटारे व रस्ते यांचा अग्रक्रम ठरवू लागल्या. सूचना आणि निर्णय यांतले हे अंतर आम्हांस फार मोठे वाटते. निदान नामंजुरीचे कारण तरी प्रत्येक अर्जदारास लेखी कळवावे, असा आमचा आग्रह आहे.