कारण सापडेपर्यंत आजाऱ्याने काय करावे?

होसकोटे : २०१६ च्या अखेरीस क्यूबाची राजधानी हवाना येथील अमेरिकन वकिलातीतील काही कर्मचाऱ्यांना विचित्र त्रास सुरू झाला. कानात कर्कश आवाज, डोक्यावर दाब, चक्कर, झोप नाही, आठवण दगा देऊ लागली. पुढे तशाच तक्रारी कॅनडाच्या वकिलातीतून आल्या, २०१८ मध्ये चीनमधील ग्वांगझूहून आल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकन गुप्तचर प्रमुख विल्यम बर्न्स भारतात आले, तेव्हा त्यांच्या पथकातील एकानेही हीच तक्रार केल्याचे वृत्त होते.

कारण काय? कोणी म्हणाले शत्रूचे लहरी-अस्त्र, कोणी म्हणाले कीटकनाशक, कोणी म्हणाले मनावरचा ताण. ध्वनिमुद्रण केलेला आवाज चक्क रातकिड्यांचा आहे, असेही संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. २०२० मध्ये तेथील विज्ञान अकादमीच्या समितीने लहरींकडे बोट दाखवले. मार्च २०२३ मध्ये बहुतेक गुप्तचर संस्थांनी परकीय शत्रूचा हात असणे फार असंभवनीय ठरवले. मार्च २०२४ मध्ये सरकारी संशोधन संस्थेने मेंदूच्या तपासण्या जाहीर केल्या. त्यांत ठळक इजा आढळली नाही, मात्र त्रास खरा आहे, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले.

आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा वाद चालू असतानाच ८ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे कायदा झाला आणि बाधित कर्मचाऱ्यांना भरपाई देण्याची सोय झाली. आरोपी सापडला नव्हता, तरी पैसे थांबले नाहीत. अर्थात हे सहज घडले नाही. सुरुवातीला त्यांनाही ‘हे तुमच्या मनाचे खेळ’ असे ऐकावे लागले होते.

रेल्वे कामगाराला हे शब्द नवीन नाहीत. इंग्लंडमध्ये आगगाड्या सुरू झाल्यावर अपघातातून वरवर धडधाकट बाहेर पडलेली माणसे महिनोन्महिने पाठदुखी, थरथर, निद्रानाश यांनी बेजार होत. डॉ. एरिक्सन यांनी १८६६ मध्ये त्यावर व्याख्याने प्रसिद्ध केली आणि त्या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’ नाव पडले. १८८३ मध्ये डॉ. पेज यांनी त्यांना खोडून काढले. कण्याला काही झालेले नाही, हा भीतीचा धक्का आहे, असे त्यांचे म्हणणे. हे डॉ. पेज एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते, एवढे सांगितले की पुरे!

टपाल बंधूंसाठीही एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटे आली. संसदेतील कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, औषधे मिळाली. ज्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून ती पाकिटे गेली, तेथे मात्र वर्गीकरण चालूच राहिले. तेथील दोन कामगार मेले.

आमची माणसेही परदेशी जातात. राइट्स आणि इरकॉनच्या कामांवर मोझांबिक, मलेशिया, श्रीलंका येथे रेल्वेवाले राबले. सैनिकी टपाल सेवेतून आमचे टपालवाले शांतिसेनेबरोबर जातात. १९२३ च्या भरपाई कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय कंपन्यांनी परदेशी नेलेल्या कामगारांना संरक्षण मिळाले. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. मेख आहे ती आजारांच्या यादीत. यादीतला आजार असेल तर तो कामामुळे झाला असे कायदा धरून चालतो. यादीबाहेरचा असेल तर सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावर.

आमच्या होसकोटे तालुक्यात देवनगोंथी स्टेशन आहे. तेलाच्या टँक वॅगनची तेथे सतत ये-जा असते. बेंझिनचा आजार यादीत आहे. पण उद्या एखादा पॉइंट्समन नुसते ‘डोके जड होते, तोल जातो’ म्हणाला आणि रिपोर्ट नॉर्मल आले, तर त्याला कोणत्या कलमात बसवणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम नोकरीत अपंगत्व आलेल्याचा पगार व हुद्दा राखते, पण आधी अपंगत्वाचा दाखला हवा. ज्या दुखण्याला नावच नाही, त्याचा दाखला कोण देणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या कामावर एकाहून अधिक जणांची तीच तक्रार आली, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत पूर्ण पगारी रजा व उपचार द्यावेत आणि चौकशीत प्रशासनाबाहेरचा एक डॉक्टर असावा. खोटे आजारी पडणारे आहेत, ते आम्हीही ओळखतो. त्यांच्यासाठी बाकीच्यांना वेठीस धरू नये.

तोवर शाखा सचिवांनी एक वही घालावी. तारीख, ड्यूटीची जागा, सलग किती तास, त्रास काय, डॉक्टरांनी काय लिहिले, हे त्यात उतरवावे. सिक मेमोची झेरॉक्स सभासदाने घरी ठेवावी, कार्यालयाच्या भरवशावर राहू नये.