तर्री

धानाच्या गिरण्यांचे आमचे गोंदिया! १९९९ साली भंडाऱ्यापासून निराळा जिल्हा झाला, तरी ओळख तीच. घरात पोह्यांचा डबा भरलेला असता हॉटेलात पैसे कशाला मोजायचे, हा मातोश्रींचा नेहमीचा सवाल. परवा मात्र लग्नानंतर २२ वर्षांनी सौभाग्यवतींना घेऊन गल्लीच्या तोंडावरचे हॉटेल गाठलेच. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड. आम्ही नाक पुसत खातो आहोत, आणि ही बशीला हात लावीना! का, तर "तुमचं होऊ द्या आधी." घरची सवय, दुसरे काय!

"काकू, थंडे होऊन राहिले ना पोहे!" वाढपी म्हणाला. तेव्हा कुठे तिने चमचा उचलला. दुसऱ्यांदा तर्री मात्र, वाचकहो, आमच्या आधी तिनेच मागितली.