वेबसाइटच्या नावाचा पहारेकरी कोण?

"तुमचे खाते आज बंद होणार, लगेच लिंक उघडा!" असा मेसेज आजोबांच्या मोबाईलवर आला की घरात सगळेच घाबरतात. लिंकमध्ये बँकेचे नाव तर बरोबर दिसते! मग फसवणूक होते कशी?

कारण वेबसाइटचे नाव, म्हणजेच डोमेन, बहुतेक वेळा 'जो आधी येईल त्याला' मिळते. नाव विकणारी कंपनी पैसे घेते. घेणारा खरंच बँक आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले. हे नाव हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते, तेही फक्त बँकांना.

मग सगळ्याच नावांचे नियम सरकारने ठरवावेत का? मला तसे वाटत नाही. छोटा दुकानदार, विद्यार्थी, लेखक यांना नाव सहज मिळायलाच हवे. पण जिथे लोकांची आयुष्यभराची कमाई आहे, तिथे नियम नाव विकणाऱ्याने नाही, जबाबदारी घेणाऱ्याने ठरवावेत.

आज घरातल्या मोठ्यांना एवढे नक्की शिकवा: मेसेजमधली लिंक उघडायची नाही. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करायचा. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' हवे. ते मध्येच कुठेतरी दिसले, तर सावधान!