‘साहेब नाही आले?’

गाडी घेऊन गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘साहेब नाही आले?’ गाडी माझी, कागदपत्रं माझ्या नावाची, हप्ते माझ्या पगारातून फिटलेले. पण बॉनेट उघडल्यावर मेकॅनिक बोलतो ते माझ्याबरोबर आलेल्या भाच्याशी, ज्याला अजून लायसन्सही मिळालेलं नाही. एकदा असंच सांगण्यात आलं, ‘ताई, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय. तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना फोन लावा.’ मी फोन लावला नाही. हा बेल्ट काय असतो ते आधी समजून घ्यायचं ठरवलं.

समजायला अर्धा तास लागला. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट. खालचा पिस्टनला जोडलेला, वरचा व्हॉल्व्ह उघडणारा. खालच्याच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा वरच्याची बरोबर एक व्हायला हवी. ही सांगड घालणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. कित्येक गाड्यांत त्याच्या जागी साखळी असते. पट्टा तुटला तर काही इंजिनं नुसती बंद पडतात; पण अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून तुटायची वाट न बघता तो वेळेवर बदलायचा. केव्हा, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. कुठे ६० हजार किलोमीटर, कुठे १ लाख. गाडी नुसती उभी राहिली तरी रबर वयाने कडक होतं, त्याला चिरा पडतात, म्हणून वर्षांची मर्यादाही असते.

यात बाईच्या डोक्यात न शिरण्यासारखं काय आहे? पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा सैल झाला की आपल्या आया तो बोटभर कापायच्या, भोक पाडून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडायच्या. सुई आणि शटल यांचा मेळ चुकला की टाका सुटतो, हे त्यांना आवाजावरून कळायचं. ते यंत्रज्ञानच होतं. फक्त त्याला ‘घरकाम’ म्हटलं गेलं आणि पुरुषाच्या हातातल्या पान्याला ‘कौशल्य’.

पुढे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेल्या एका मैत्रिणीच्या अंगणात, तिच्या देखरेखीखाली, मी तो पट्टा बदलला. एक अख्खा रविवार गेला. इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. कव्हरं उतरवली. पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवल्या. मग टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढला. या वेळी दोन्हींपैकी एकही शाफ्ट हलता कामा नये. नवा पट्टा चढवून ताण दिल्यावर स्टार्टर न मारता, पान्याने, हातानेच क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खुणा पुन्हा तपासल्या. पहिल्यांदा एका दात्याचा फरक राहिला होता. सगळं पुन्हा केलं. जोर लागला तो पुलीचा बोल्ट सोडवताना, आणि तोही लांब दांड्याच्या पान्याने भागला. बाकी सगळं काम काळजीचं आणि चिकाटीचं. हे गुण तर बायकांचेच म्हणून आपल्याला लहानपणापासून ऐकवले जातात ना?

आपलं अज्ञान नैसर्गिक नाही. ते जपून वाढवलेलं आहे, प्रसंगी कायद्याने. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ ने चालू यंत्राची तपासणी, तेलपाणी फक्त ‘खास प्रशिक्षण घेतलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने’ करावं असं घालून दिलं, आणि बायकांना अल्पवयीनांच्या रांगेत बसवून त्यातून वगळलं. हेतू सुरक्षिततेचा होता हे मान्य. पण सुरक्षितता कशाने येते? प्रशिक्षणाने आणि घट्ट कपड्यांनी. मग या दोन्ही गोष्टी बाईला द्यायचं कुणाच्या मनात का आलं नाही? १९७४ साली टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना तिथे नोकरी मिळाली. त्याआधी ती ओळ वाचून किती जणी गप्प बसल्या असतील?

काही मैत्रिणी म्हणतील, गाडी हा मूठभर बायकांचा प्रश्न. खरं आहे. पण यंत्र सगळ्यांच्या आयुष्यात आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून गावातल्या, बहुतेक दलित आणि निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईने आणि पंप बिघडला की वाट बघायची पुरुष मेकॅनिकची, ही रीत त्यांनी मोडली. गॅरेजातली मी आणि बंद पंपापाशी घागर घेऊन बसलेली ती, आमच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण दोघींना एकच सांगितलेलं असतं, ‘तुला नाही कळायचं.’

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा वाटतो. घर, नोकरी, मुलं, आणि आता गाडीदुरुस्तीही बाईनेच करायची? मुळीच नाही. माझाही पुढचा पट्टा कदाचित गॅरेजातच बदलला जाईल. पण कळत असून दुसऱ्याकडून करून घेणं वेगळं आणि कळत नाही म्हणून मान डोलावणं वेगळं. आता मी विचारू शकते, टेन्शनर आणि बेअरिंग बदलणार का? वॉटर पंप याच पट्ट्यावर चालतो का, मग तोही आत्ताच बघता का? जुना पट्टा मला परत द्या. हे प्रश्न विचारले की बिलही बदलतं आणि बोलण्याचा सूरही.

आपल्या केंद्रांत कायद्याची शिबिरं होतात, आरोग्याची होतात. तसा एक रविवार पान्यासाठीही ठेवू या. तेलाची पातळी बघणं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी साफ करणं, फ्यूज आणि एअर फिल्टर बदलणं, स्टेपनी लावणं. नट आधी सैल करायचे, मग गाडी उचलायची; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही; तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. एवढं सकाळभरात शिकून होतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी मिक्सर आणावा, शिलाई मशीन आणावं, सायकल आणावी.

रात्री रस्त्यात गाडी बंद पडेल या भीतीने कितीतरी बायका बाहेर पडणं टाळतात, किंवा ‘कुणीतरी बरोबर असू दे’ म्हणून थांबतात. आपण मोकळेपणाने फिरण्याच्या हक्काबद्दल बोलतो, मोर्चे काढतो. त्या हक्काचा एक तुकडा त्या काळ्या, तेलकट बॉनेटखालीही आहे. हात काळे होतील. धुतले की निघतात.